हौदांच्या पटाची नोंदवही

१० जानेवारी २०२५

नवी मालिका सुरू. विषय: कधीच नसलेलं पुणे. जुन्या पुण्याच्या हुबेहूब प्रतिकृती मला काढायच्या नाहीत, ते काम इतरांनी चांगलं केलं आहे. मला कल्पनेतलं शहर काढायचं आहे, पण ते इथल्याच दगडामातीतून उगवलेलं हवं. दहा चित्रं, सगळी टॅबलेटवर, ए-वन आकारात छापता येतील अशी. ३०० डीपीआयला ७०१६ × ९९३३ पिक्सल. एवढ्या कॅनव्हासवर माझा टॅबलेट फार लेयर देत नाही, तेव्हा आधीपासून हात आखडून काम करायचं.

तारीख मुद्दाम निवडली. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. पहिलं चित्र त्याचंच: सात मजले, रात्रीची वेळ, प्रत्येक खिडकीत समई. वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा असं सांगतात. माझ्या चित्रात तो कळस हात लांबवला की लागेल इतका जवळ आणला आहे. आज नुसते पेन्सिल ब्रशने तीन आराखडे केले. तिसरा जमतोय.

२३ जानेवारी

दोन आठवडे या एकाच चित्रावर गेले आणि आज ते बाजूला ठेवलं. कारण नीट लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. खाली दगड होता, वर विटा आणि सागवान. वरचं सगळं गेलं. आज आत गेलं की जोती दिसतात, भिंतींचे पाये दिसतात, सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याची जागा दिसते. जोत्यावर उभं राहून खण मोजता येतात. एक-दोन मजल्यांचा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्याच्या वर जे काही येतं ते चित्रकाराच्या हाताच्या सवयीतून येतं, आणि माझ्या हाताला सवय कशाची निघाली? घुमटांची, राजस्थानी छत्र्यांची, जाळीदार झरोक्यांची. चित्र पूर्ण होत आलं तेव्हा लांबून पाहिलं, तर ते कुठल्याही गेममधला कुठलाही राजवाडा होतं.

दुरुस्त केलं. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणले, वर केळफुलं लोंबवली, महिरपी, तुळया, पाटणी, उतरत्या छपरावर नळीची कौलं. पुष्कळ फरक पडला. तरी चित्रात जीव येईना.

मग डॅनियल या इंग्रज चित्रकाराचं चित्र पाहत बसले. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट तहाची कागदपत्रं देतो आहे, प्रसंग १७९० चा. शनिवारवाड्याच्या आतला दिवाणखाना एवढ्या तपशिलात दाखवणारं दुसरं चित्र मला माहीत नाही. पण थॉमस डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने ते १८०५ मध्ये इंग्लंडात पुरं केलं, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या अभ्यासचित्रांवरून, वेल्स वारल्यानंतर दहा वर्षांनी. आणि वेल्स तरी कुठे होता? तो मुंबईत उतरला तेच १७९१ साली. म्हणजे आपण ज्याला पुरावा समजतो ते चित्रसुद्धा ऐकीव, मागाहून जुळवलेलं. पण वेल्स पुण्यात राहिला होता. त्याने माणसं समोर बसवून त्यांचे चेहरे काढले होते, खांब पाहिले होते. म्हणून ते उभं राहतं.

त्याच काळात आपला एक माणूस इथे चित्रं काढत होता: गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी काढली. नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो गेंडा मी पडद्यावर मोठा करून तासभर पाहिला. कातडीच्या घड्या, मान आणि खांदा जुळतो तिथला जडपणा. गंगाराम त्याच्यासमोर बसला होता हे प्रत्येक रेषेत कळतं.

मला तसं काहीतरी हवं आहे. आज ज्याच्यासमोर जाऊन बसता येईल, हात लावता येईल, आणि तिथून पुढे कल्पना धावेल.

९ फेब्रुवारी

सापडलं. सकाळी कात्रजच्या तलावापासून शहराकडे चालत निघाले. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास हा तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं. जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ, सुमारे ६ फूट उंच आणि अडीच फूट रुंद. पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. पाणी आपल्या पायांनी चालत शनिवारवाड्यापर्यंत आलं. वाटेत त्याला फाटे फुटले, खापरी नळांनी ते पेठांमधल्या हौदांत गेलं: सदाशिव पेठेचा हौद, बदामी हौद, काळा हौद. आम्ही शाळेत असताना ही नावं बसच्या थांब्यांची किंवा पत्त्यातली खूण म्हणून ऐकायचो. हौद म्हणजे पाणी, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास आहेत. शब्द किती नेमका आहे! वर चौकोनी दगडी कठडा, खाली विहिरीसारखी पोकळी, तळाशी नळ. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची, माणूस साफसफाईला तिथूनच उतरायचा, आणि तळाला खोलगट भाग ठेवलेला असे, म्हणजे गाळ तिथे बसेल आणि नितळ पाणी पुढे जाईल. वाहतं पाणी जागोजागी थांबून श्वास सोडतंय असा विचार करून कुणीतरी हे नाव दिलं असणार. ते नाव देणारा गवंडी मला भेटायला हवा होता.

एक उच्छ्वास एका सोसायटीच्या आवारात मिळाला. भोवती दुचाक्या लावलेल्या, वर सिमेंटचं झाकण. वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, "ती जुनी टाकी आहे, बंद असते." झाकणाच्या फटीला कान लावला. पाण्याचा आवाज आला असं मी इथे लिहिणार नाही. पण खालून गार हवेचा झोत आला, ओल्या दगडाचा वास असलेला, आणि फेब्रुवारीच्या उन्हात तो गालाला लागला. तिथेच कट्ट्यावर बसून टॅबलेट काढला आणि अंधारातून वर पाहणारं पहिलं रेखाटन केलं: तळाशी मी, वर चौकोनी आभाळ, त्या चौकोनात दुचाकीचं एक चाक.

दहा सुटी चित्रं रद्द. एकच लांब पट करायचा. डाव्या टोकाला कात्रज, उजव्या टोकाला शनिवारवाडा, आणि जमीन मधोमध कापलेली. खाली नळ, वर शहर. वरच्या शहरात सगळे काळ एकत्र नांदतील.

१२ फेब्रुवारी

मापं. पट ६ मीटर लांब, ६१ सेंटिमीटर उंच, २०० डीपीआय. एक मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक तुकडा ७८७४ × ४८०० पिक्सल. शेजारच्या तुकड्यावर थोडी चढण ठेवायची, म्हणजे सांधा दिसणार नाही.

अडचण ही की ८-९ किलोमीटर अंतर ६ मीटरमध्ये बसवलं तर ६ फुटी नळ छापील कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर येतो. नऊ-दहा पिक्सल! त्यात माणूस उभा करायचा कसा? नळ चाळीसपट मोठा केला. उतारालाही तेच माप लावलं तर कात्रजचा तलाव कागद सोडून छतात जाईल. म्हणून नळाला एक माप, उताराला दुसरं, माणसांना तिसरं. जुन्या पोथ्यांतल्या चित्रांत राजा मोठा आणि हत्ती लहान असतो, त्याच हिशेबाने. खरं अंतर मोडल्याशिवाय खरं काम दिसत नाही, असं आज मापं मांडताना जाणवलं आणि मन एकदम मोकळं झालं.

२ मार्च

दुसरा तुकडा. इथे आंबिल ओढा येतो. तो पूर्वी आताच्या बाजीराव रस्त्याच्या अंगाने उतरून शनिवारवाड्याजवळ मुठेला मिळायचा. पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पेठा वाढल्या. पर्वतीच्या पायथ्याला तळं होतं, तळ्यात बेट, बेटावर गणपती. तळं गेलं, तिथे सारसबाग झाली, तरी लोक अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात.

मी ओढा परत जुन्या वाटेने सोडला. बाजीराव रस्त्यावरून पाणी वाहतंय, दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पायऱ्या घाट झाल्या आहेत, लोक पुस्तकांच्या पिशव्या घेऊन होडीत बसले आहेत. रंगवताना फार आनंद झाला. दोन दिवस तोच आनंद पुरला.

आज एका मैत्रिणीला चित्र पाठवलं. ती ओढ्याच्या काठच्या वस्तीत वाढली. तिने एवढंच लिहिलं, "छान आहे. आमच्याकडे भिंतीवर अजून रेघ आहे." २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं गेली. ओढ्याला दिलेली वाट त्याला पुरली नव्हती. आणि मी त्यावर होड्या सोडल्या होत्या.

होड्या काढल्या. ओढा ठेवला, पण त्याला रुंदी दिली. कापलेल्या जमिनीत त्याच्या दोन वाटा दाखवल्या, जुनी आणि वळवलेली, दोन्ही गाळाच्या थरांसकट, आणि काठच्या घरांच्या भिंतींवर आडवी रेघ.

३० मार्च

पाडवा. आत्याकडे जेवायला. ती ७८ वर्षांची आहे, माहेर नारायण पेठेत. जेवण झाल्यावर तिला टॅबलेटवर पट दाखवला. तिने बोटाने सरकवत सरकवत सदाशिव पेठेचा हौद गाठला आणि तिथेच थांबली.

"याच्यावर मी पाणी भरलंय."

मला वाटत होतं की हौद तिच्या आजीच्या काळातले.

"अगं, एकसष्टला. पानशेत फुटलं तेव्हा. सगळे पुराचंच बोलतात, पूर ओसरला की दोन दिवसांत. पण खडकवासल्याचंही धरण गेलं ना, मग नळाला पाणी कुठून येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर चिखल आणि प्यायला थेंब नाही. आई आम्हा तिघांना घेऊन हौदावर गेली. कळशी वाहून गेलेली. तेलाचा डबा मिळाला कुठूनतरी, तो घासून घेतला. पुढे आठ दिवस चहाला तेलाचा वास."

"रांग होती?"

"एवढी! पण भांडण नाही. कोण कुठल्या पेठेतलं, कोण कुणाचं, कुणी विचारलं नाही तेव्हा."

ती "तेव्हा" वर जरा थांबली असं आता लिहिताना आठवतंय. त्या वेळी मी तेलाच्या डब्याचं रेखाटन करण्यात गुंतले होते.

खडकवासल्याचं धरण १८७९ चं. त्याचं पाणी शहरभर नळाने आलं आणि हौद मागे पडले. ८२ वर्षांनी ते धरण गेलं तेव्हा नानासाहेबांच्या नळाने पुन्हा काही दिवस गाव पाजलं. चौथ्या तुकड्यात हा प्रसंग घेतला: रांग, हातात जे मिळालं ते भांडं. तेलाचे डबे, देवघरातला तांब्या, एका मुलाच्या हातात उलटी धरलेली छत्री.

१३ एप्रिल

११ तारखेला, जोतीरावांच्या जयंतीला, गंज पेठेत फुले वाड्यावर गेले. गर्दी खूप होती. शाळेच्या मुली, बँड, हार, लांबून आलेली माणसं, पायऱ्यांवर चपलांचे ढीग. मी अंगणात एका कडेला उभी राहून रेखाटायचा प्रयत्न केला, मग टॅबलेट पिशवीत टाकला आणि नुसती पाहत राहिले.

१८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. हे वाक्य मी शाळेत पाठ केलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलं आहे. पण गेले दोन महिने मी दिवसरात्र याच शहराचं पाणी रंगवते आहे आणि हे वाक्य एकदाही माझ्या पटापर्यंत पोचलं नाही. मी निळ्या रेषा काढत गेले, तलावातून नळ, नळातून फाटा, फाट्यातून हौद, आणि हौदाभोवती सुंदर बायका, सुंदर कळश्या. जणू पाणी हौदात पडलं की सगळ्या गावाचं झालं.

ते झालं नव्हतं. पाणी हौदाच्या काठापर्यंत उताराने आलं. काठापासून पुढे ते कुणाच्या मडक्यात पडेल हे उतार ठरवत नव्हता. हौदाला हात लावायची ज्यांना मनाई होती ते लांब उभे राहत, कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर वाट पाहणं.

घरी आल्यावर पट सुरुवातीपासून पाहिला. जमिनीच्या खालचं मी कापून दाखवलं होतं. वरचं कापलं नव्हतं. दोन दिवस काही रंगवलं नाही.

आज ठरवलं ते असं. पाटी नको, बोधवाक्य नको, शिवाशिवीवर वेगळी चौकट नको. प्रत्येक हौदाभोवती जमिनीचा एक मोकळा पट्टा ठेवायचा आणि त्याच्या पलीकडे मडकी. फक्त मडकी आणि ती धरणारी माणसं, पाठमोरी नव्हे, आपल्याकडे तोंड करून. पट पाहणारा पाण्याच्या रेषेमागून चालत येईल आणि प्रत्येक हौदापाशी त्याला ती नजर भेटेल. गंज पेठेत आल्यावर तो पट्टा नाही. तिथे मडकं थेट पाण्यात.

फुल्यांबद्दल आणखी एक गोष्ट या पटाला जोडून घेता येते. ते बांधकामाचे ठेकेदारही होते. त्यांच्या कंपनीचा येरवड्याच्या पुलाच्या आणि कात्रजच्या बोगद्याच्या कामात सहभाग होता. म्हणजे ज्या कात्रजहून हे पाणी निघालं तिथला डोंगर फोडणाऱ्या मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. पहिल्या तुकड्यात, तलावाच्या मागे, बोगद्याच्या तोंडाशी त्यांना उभं केलं आहे. डोक्याला पागोटं, हातात मोजणीची दोरी. छोटीशी आकृती. कुणाला दिसली नाही तरी चालेल, मला ती तिथे हवी आहे.

२८ मे

यंदा पावसाने मेमध्येच गाठलं. परवाच मोसमी पाऊस पुण्यात आल्याचं जाहीर झालं. त्याच पावसात दुसऱ्या तुकड्याचा नमुना छापून आणला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आणि उघडल्यावर पोटात गोळा आला. पडद्यावर झगझगीत मोरपंखी दिसणारं पाणी कागदावर धुतल्या फडक्यासारखं राखाडी.

चूक छापणाऱ्याची नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. काही निळे-हिरवे रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. छपाईचं प्रोफाइल, म्हणजे कागदावर रंग कसे उतरतील ते पडद्यावर दाखवणारी फाइल, लावून आधी पाहायला हवं होतं, ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

प्रोफाइल लावून संध्याकाळभर निळे बदलून पाहिले. एकही पटेना. मग दिवे बंद करून विचार करत बसले आणि ध्यानात आलं की मुळात जमिनीखालच्या पाण्याला मी निळा रंग का देते आहे? नळात उजेडच नाही. तिथलं पाणी काळंच असणार, शेवाळी काळं. उजेड पडतो तो फक्त उच्छ्वासाच्या खाली, चौकोनी, हलणारा. सगळं पाणी काळं केलं. प्रत्येक उच्छ्वासाखाली मात्र पाण्याचा एकेक तुकडा उजळवला, आणि त्या उजेडात तळाचा गाळ, एखादं पान, एकदा एक मासा. काळा रंग छपाईत उत्तम उतरतो. नवा नमुना परवा मिळेल, पण पाहायच्या आधीच खात्री आहे.

२१ जून

पालख्या काल पुण्यात आल्या. माउली भवानी पेठेत, पालखी विठोबात. तुकोबा नाना पेठेत, निवडुंग्या विठोबात. पहाटेपासून दोन्हीकडे भटकले. रस्त्याकडेला पाण्याचे टँकर, स्टीलचे पेले, बाटल्यांचे खोके. एक म्हातारी वारकरीण ओंजळीने पाणी पीत होती. पेला पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ओंजळीनं गार लागतंय."

पाचव्या तुकड्यात वारी आली. उच्छ्वासांचे कठडे उंच होऊन त्यांची वृंदावनं झाली आहेत, वर तुळस, आणि दिंडी त्यांच्या रांगेने चालते आहे. खाली काळ्या पाण्यात त्यांच्या टाळांचा उजेड पडतो. ओंजळी काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी बेचाळीस काढल्या. एकही दुसरीसारखी नाही, एकही चिकटवलेली नाही.

१२ जुलै

पानशेतचा दिवस. चौथ्या तुकड्यावर पुराच्या पाण्याची रेघ ओढली, वरच्या शहराच्या भिंतींवरून आरपार. दुसरं काही केलं नाही.

३ ऑगस्ट

सहावा तुकडा, शनिवारवाड्याचा. जानेवारीतला सात मजली वाडा इथे यायचा होता. पटाचा शेवट भव्य हवा असं तेव्हा मनात होतं. पण गेला महिनाभर दुसरीच आकृती ती जागा मागते आहे, आणि आज मी ती तिला दिली.

बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले, फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक, शल्यवैद्य. घोले रोड त्यांच्याच नावाचा. त्यांची लहान मुलगी काशी वारली. तिच्या आठवणीत त्यांनी हौद बांधला, त्यावर बाहुली बसवली, आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. काशीच्या मृत्यूबद्दल एक भयंकर गोष्ट पुण्यात सांगितली जाते. ती मी घेतलेली नाही. लेकीच्या जाण्यानंतर बापाला गावासाठी पाणी सुचलं आणि पाण्यावर ठेवायला बाहुली सुचली, एवढं मला पुष्कळ आहे.

माझ्या चित्रात बाहुली वाड्याहून उंच आहे. सात मजले तिच्या कमरेपर्यंत येतात. परकर-पोलकं, केसांत गजरा, एक गुडघा जमिनीला टेकलेला. तिने ओंजळ खाली धरली आहे आणि कात्रजहून निघालेला नळ, सहा मीटर कापलेल्या जमिनीतून आलेला, शेवटी तिच्या ओंजळीत उघडतो. हाच एक क्षण पटावर पाणी निळं होतं. छापल्यावरही निळं राहील असा निळा शोधायला चार दिवस लागले. थोडी नीळ, थोडं काळं, आणि भोवतीचा दगड मुद्दाम पिवळट, म्हणजे डोळ्याला तो निळा अधिक निळा वाटतो.

वाडा आहेच. सुरूचे खांब, महिरपी, समया, सगळं तिच्या पायाशी, खेळण्यातल्या घरासारखं मांडलेलं. मेघडंबरीही आहे. जानेवारीत जे वाया गेलं असं वाटत होतं ते इथे बाहुलीची भातुकली म्हणून कामाला आलं, एका खांबाची रेघही फुकट गेली नाही.

चेहरा अजून राहिला आहे. पाच वेळा काढून पुसला. गोड होतो आणि मग खोटा वाटतो.

१० ऑगस्ट

चेहरा जमला. शेजारच्या मजल्यावरची सहा वर्षांची मुलगी पाण्याची बाटली उघडत होती, झाकण घट्ट, दातओठ खाऊन. तोच घेतला. बाहुली आता गोड दिसत नाही. ती काम करते आहे.

२३ ऑगस्ट

सहाही तुकडे जोडून झाले. सांधे तपासले. फाइल आज छापायला द्यायची होती, म्हणून सकाळी आत्याला दाखवायला घरी बोलावलं. मोठ्या पडद्यावर तिने डावीकडून उजवीकडे सगळा पट पाहिला, मध्ये चहासुद्धा घेतला नाही. तेलाच्या डब्यापाशी हसली. मग मागे सरकवत सदाशिव पेठेच्या हौदाच्या जुन्या भागापाशी आली, जिथे मोकळा पट्टा आहे आणि पलीकडे मडकं घेतलेली बाई.

"ही अशी एकटी नसायची," ती म्हणाली.

मी विचारलं म्हणजे काय.

"माझी आजी सांगायची. म्हणजे तुझी पणजी. ती सासरी नवीन होती तेव्हाची गोष्ट. हौदावर एक बाई रोज यायची, लांब उभी राहायची. आजी आपली कळशी भरून झाली की तिच्या मडक्यात वरून ओतायची. उंचावरून, धार तुटली पाहिजे ना. रोज. दोघी एकमेकींशी बोलायच्या म्हणे. मुलाबाळांचं, दुखण्याखुपण्याचं. तिच्या मुलीचं नावसुद्धा आजीला ठाऊक होतं."

"मग?"

"मग घरी येऊन आजी डोक्यावरून अंघोळ करायची. तेही रोज. मला सांगायची तेव्हा रडायची गं. मी लहान, मला वाटायचं की गार पाण्याने अंघोळ करावी लागायची म्हणून रडते."

पाडव्याला हे का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि पट्ट्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे काढ तिला. नऊवारी काढ. ठेंगणी होती."

ती गेल्यावर नवा लेयर उघडला. पणजीचा फोटो घरात आहे, एकच, म्हातारपणचा. त्यावरून नाक आणि हनुवटी घेतली, वय उतरवलं. पायाच्या बोटांवर उभी, कारण ठेंगणी आणि हात उंच धरायचा आहे. कळशी तिरकी. समोरच्या बाईची मान किंचित वर, तोंड उघडं, काहीतरी सांगताना. धार कळशीच्या काठापासून निघते, मडक्याच्या तोंडाशी पोचायच्या आधी तुटते आणि थेंब होऊन पडते.

धार तुटते ती जागा अजून मनासारखी आली नाही. छपाईवाल्यांना फोन करून कळवलं, फाइल सोमवारी मिळेल.